वैशाखी पौर्णिमेचा तह

आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आजोबांच्या वेळचे वाटणीपत्र आहे. साल १९४१. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, आणि खानापूरच्या बाजूची आमच्यासारखी घरे आपले कागद मराठीतच करून घेत. चार भावांत जमीन वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याची चतुःसीमा कागदावर आली. आजोबांच्या तुकड्याला पूर्वेस ओढा, पश्चिमेस धाकट्या भावाचा हिस्सा, उत्तरेस गाडीवाट आणि दक्षिणेस एका गृहस्थांचे शेत. त्या गृहस्थांचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव सगळे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले आहे. अडचण एवढीच की, त्या नावाचा माणूस आमच्या गावात कधी नव्हता.

हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण जमीन कसताना कोणी कागद वाचत नाही. पुढे १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, दप्तर कन्नड झाले, पहाणीपत्रक कन्नडमधून मिळू लागले. बांधावरच्या विहिरीवरून बोलाचाली झाली आणि मोजणीचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ट्रंक उघडली. मोजणीदाराने विचारले, ‘दक्षिणेचे हे कोण? त्यांना नोटीस लावायला पाहिजे.’ अण्णांनी गावातली जुनी माणसे विचारली, शेजारच्या दोन गावांत फिरले, देवळातल्या वर्गणीच्या वह्या चाळल्या. त्या गृहस्थांचा पत्ता लागला नाही. घरात त्यांचे नावच ‘दक्षिणेचे काका’ पडले. मोजणी मात्र कित्येक वर्षे लांबली आणि विहिरीचा वाद तसाच राहिला.

दक्षिणेचे काका मला सापडले ते जुन्या पुस्तकांच्या ढिगात. दस्तऐवजांच्या नमुन्यांचे एक फाटके पुस्तक होते. खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टा, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र. पुस्तकाचे नाव सांगत नाही, त्याचे पहिले पानही फाटलेले होते. त्यात वाटणीपत्राचा नमुना होता आणि नमुन्यातल्या चतुःसीमेत ‘दक्षिणेस’ या शब्दापुढे तेच नाव, तेच आडनाव. ज्याने आमचे वाटणीपत्र लिहिले त्याने पुस्तक समोर ठेवून मजकूर उतरवला, तीन दिशांची नावे बदलली आणि चौथी बदलायची राहून गेली. दुपारची वेळ असेल, किंवा बाहेर पक्षकार घाई करीत असतील. आजोबांनी खाली सही केली. त्यांना वाचता येत होते, पण चार भावांच्या वाटणीच्या दिवशी चतुःसीमा कोण वाचतो?

लिहिणाऱ्याची चूक मी नाकारत नाही. पण पुस्तक छापणाऱ्याचे काय? नमुना कोणत्या खऱ्या कागदावरून घेतला, कोणी तपासला, कोणत्या सालच्या कायद्याप्रमाणे तो चालतो, यातले एक अक्षर पुस्तकात नव्हते. आणि जे शब्द बदलायचे ते इतर मजकुरासारख्याच टाइपात, अगदी खऱ्या माणसांसारखी नावे देऊन छापले होते. नमुन्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे वाचणाऱ्याने ओळखायचे. हा प्रश्न आमच्या ट्रंकेपुरता असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. तो निदान सातशे-आठशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या पायी नामांकित इतिहासकारांनाही कोड्यात पडावे लागले आहे.

वडोदऱ्याच्या मराठी वाचकांना गायकवाड प्राच्यग्रंथमालेविषयी सांगायला नको. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ती सुरू झाली आणि १९१६ साली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ तिचा पहिला ग्रंथ म्हणून निघाली. याच मालेत १९२५ साली एकोणिसावा ग्रंथ निघाला, ‘लेखपद्धति’. संपादक चिमणलाल दलाल आणि गजानन श्रीगोंदेकर. पाटणचे जैन भांडार धुंडाळणारे दलाल १९१८ सालीच वारले होते, काम श्रीगोंदेकरांनी पुरे केले. अलंकारशास्त्र, नाटके, न्याय असल्या ग्रंथांच्या रांगेत हा ग्रंथ जरा विचित्र दिसतो, कारण यात काव्य नाही, तत्त्वज्ञान नाही. आहेत ते कागदांचे नमुने. राजाचे दानपत्र कसे लिहावे, अधिकाऱ्याने हुकूम कसा काढावा, कर्जरोखा कसा करावा, घर गहाण कसे टाकावे, भावांनी वाटण्या कशा कराव्यात, बापाने मुलाला पत्र कसे लिहावे. आजच्या भाषेत बोलायचे तर बाँड रायटरच्या टेबलावरचे पुस्तक.

भाषा म्हणायला संस्कृत, पण पंडिताने वाचून कपाळाला हात लावावा अशी. विभक्ती कोठेही घसरलेली, मध्येच बाजारातले शब्द. गुजरातच्या कारकुनांची ती बोलती संस्कृत होती. अशा ग्रंथाच्या संपादकाला पहिला मोह होतो तो व्याकरण सुधारण्याचा. तो मोह झाला असता तर आज पुस्तकाची निम्मी किंमत गेली असती, कारण तेराव्या शतकातला कारकून प्रत्यक्ष कसा लिहीत होता हेच त्यातून कळते. नमुना छापणाऱ्याने मजकूर गुपचूप नीटनेटका करू नये. केला तर तसे सांगावे.

आता यातली मौज. ग्रंथातल्या कितीतरी कागदांवर एकच तारीख आहे. विक्रम संवत १२८८, वैशाख शुद्ध पौर्णिमा. त्याच दिवशी जमीन दान झाली, त्याच दिवशी कर्ज दिले गेले, त्याच दिवशी दासी विकली गेली. (गुजरातेत संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, काही ठिकाणी चैत्रात. म्हणून ही पौर्णिमा इ. स. १२३१ची की १२३२ची, हेही एका शब्दात सांगता येत नाही. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.) उघड आहे की ती खऱ्या कागदांची तारीख नव्हे. नमुने रचणाऱ्याने स्वतःच्या काळातली एक तारीख घेतली आणि ती सगळीकडे ठेवून दिली, जसे आमच्या पुस्तकाने दक्षिणेचे काका ठेवून दिले.

पण त्याच पौर्णिमेचा आणखी एक कागद या संग्रहात आहे आणि तो आपल्या इतिहासाचा आहे. ‘यमलपत्र’ म्हणजे दोघांनी मिळून करावयाचा करार, तह. त्याच्या नमुन्यात पक्षकार कोण? एका बाजूला महाराजाधिराज सिंहण आणि दुसऱ्या बाजूला महामंडलेश्वर राणा लवणप्रसाद. सिंहण म्हणजे देवगिरीचा यादव राजा. त्याची कारकीर्द स्थूलमानाने १२१० ते १२४७. लवणप्रसाद म्हणजे धोळक्याचा वाघेला सरदार. पाटणच्या दुबळ्या झालेल्या चालुक्य राजाच्या नावाने गुजरातचा कारभार प्रत्यक्षात तोच पाहत होता. तहाच्या अटी मोजक्या आहेत. दोघांनी पूर्वीप्रमाणे आपापल्या मुलखात राहावे, एकमेकांच्या मुलखावर चालून जाऊ नये. बलवान शत्रू एकावर आला तर दुसऱ्याने मदतीला जावे, आणि शत्रूचा नुसता सेनापती आला तर फौज पाठवावी. एकाच्या राज्यातला कोणी मानकरी मौल्यवान चीजवस्तू घेऊन दुसऱ्याकडे पळाला तर त्याला थारा देऊ नये, माल परत करावा.

हा तह खरोखर झाला काय?

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना या संग्रहाची ‘लेखपंचाशिका’ या नावाची पोथी मिळाली होती. ‘अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन’ या त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८८४ची. त्यात सिंहणाच्या गुजरात स्वाऱ्यांची हकीकत सांगताना त्यांनी हा तह विचारात घेतला. भांडारकर भाबडे नव्हते. हा केवळ नमुना आहे आणि इतर नमुन्यांवरही हीच तारीख आहे, हे त्यांनी पाहिले होते. तरीही त्यांचे म्हणणे असे की, असा काही तह झाल्याचे नमुनाकाराने पाहिले किंवा ऐकले नसते तर त्याने नेमकी हीच दोन नावे घालून त्यांना तहाचे पक्षकार केले नसते. म्हणजे तारीख सोडून द्या, पण नावे फेकू नका.

या युक्तिवादात बळ आहे. सिंहणाच्या फौजा गुजरातेत उतरल्या होत्या ही गोष्ट दुसरीकडूनही सिद्ध होते. गुजरातच्या राजपुरोहिताने, सोमेश्वराने, ‘कीर्तिकौमुदी’त त्या धास्तीचे वर्णन केले आहे. लोक नवे घर बांधायला घेत नव्हते, धान्य साठवीत नव्हते, जो तो गाड्या मिळवायच्या मागे होता. पळणाऱ्या माणसाला घराहून गाडी जास्त लागते. हे वर्णन करणारा कवी शत्रुपक्षाचा, म्हणून ते अधिक विश्वासाचे. इकडे अंबेजोगाईच्या शिलालेखावरून कळते की सिंहणाचा सेनापती खोलेश्वर गुजरातवर गेला होता, आणि नंतरच्या मोहिमेत त्याचा मुलगा राम नर्मदेकाठी पडला. लढाया होत होत्या, तेव्हा मध्ये एखादा तह झाला असणे शक्य आहे. पण मुलूख न ओलांडण्याचे वचन दिल्यावर राम नर्मदेवर का मेला? तह मोडला, असे म्हणता येते. तह झालाच नव्हता, असेही म्हणता येते. पुढच्या अभ्यासकांत या मुद्द्यावर एकमत नाही, आणि मला विचाराल तर एकमत होण्यासारखा पुरावाही नाही.

माझा कल भांडारकरांकडे आहे, पण पुरता नाही. नमुना लिहिणाऱ्याला नावे हवी असतात आणि ती तो जवळची, ओळखीची, सगळ्यांच्या तोंडची घेतो. समजा आमचा एखादा हेडमास्तर पत्रलेखनाचा तास घेताना फळ्यावर ‘पंतप्रधानांस पत्र’ लिहितो. सातशे वर्षांनी तो फळा कोणाला सापडला, तर अमुक गावच्या विद्यार्थ्याचा दिल्लीशी पत्रव्यवहार होता असे त्याने म्हणावे काय? उलट तो फळा सापडल्याने त्या वेळी पंतप्रधान म्हणून कोणी होते आणि त्यांना पत्र लिहिता येईल असे लोकांना वाटत होते, एवढे मात्र पक्के कळते. ‘लेखपद्धती’तून एवढे तरी नक्की समजते की तेराव्या शतकातल्या गुजराती कारकुनाला देवगिरीचा राजा तहाचा स्वाभाविक पक्षकार वाटत होता. मराठी इतिहासाला हेही थोडे नाही.

नमुनाकाराने एक ओळ लिहून ठेवली असती, की ही नावे मी अमुक दप्तरातल्या कागदावरून घेतली किंवा कल्पनेने घातली, तर शतकभराची शाई वाचली असती.

यावर एक उपाय आहे आणि तो युरोपात पूर्वीच केलेला दिसतो. सातव्या शतकात फ्रँक लोकांच्या देशात मार्कुल्फ नावाचा एक साधू होऊन गेला. वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्याने असाच नमुन्यांचा संग्रह केला. त्याने बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव काढून टाकले आणि तिथे ‘तो’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. आपण ‘अमुक’ म्हणतो तसे. अमुक राजा, अमुक मठ, अमुक गाव. लिहिणाऱ्याला स्वच्छ कळते की इथे भरायचे आहे. मार्कुल्फच्या नमुन्यावरून कोणाच्या वाटणीपत्रात दक्षिणेचे काका शिरणे कठीण. पण इतिहासकार मात्र हात चोळत बसतो, कारण नावे गेली, सन गेले, आणि कोणता मजकूर कोणत्या प्रसंगाचा हे कळायचा मार्ग बंद झाला. मिथिलेच्या विद्यापतीने पंधराव्या शतकाच्या आरंभी पुरादित्य या राजासाठी ‘लिखनावली’ रचली. पदावल्यांचा हा कवी पत्राचे मायनेही शिकवीत होता, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. त्यानेही बऱ्याच पत्रांवर एकच लक्ष्मण संवत २९९ ठेवले. त्यावरून आपण ग्रंथाचा काळ ठरवतो. म्हणजे विसरभोळेपणाचाही कधी उपयोग होतो!

नावे ठेवा, पण ती नमुन्याची आहेत असे सांगा. किंवा नावे काढा, पण मूळ कागद कुठला ते सांगा. दोन्ही न करणारा संग्रह कारकुनालाही फसवतो आणि इतिहासकारालाही.

‘लेखपद्धती’त ज्या ठिकाणी लिहिणाऱ्याने काळजी घेतली आहे ती पाहण्यासारखी आहे. कर्जरोख्यात नुसते ‘इतके द्रम्म’ असे तो म्हणत नाही. ते द्रम्म कोणते, याचे लांबलचक विशेषण जोडतो. श्रीमालच्या टाकसाळीत पाडलेले, तीनदा पारखलेले, बाजारात चालणारे, रोख मोजून घेतलेले. व्याज दरमहा शेकडा दोन द्रम्म. त्या काळी अनेक टाकसाळींची नाणी बाजारात एकत्र फिरत, आणि परतफेडीच्या वेळी हलके नाणे पुढे केले जाई. तो अनुभव गाठीशी असल्याशिवाय ‘तीनदा पारखलेले’ हा शब्द कोणी लिहीत नाही. चांगल्या नमुन्यातले प्रत्येक जादा वाक्य म्हणजे आधी कोणीतरी खाल्लेली ठेच असते. आपल्याकडचे जुने उर्दू दस्त पाहिलेल्या हैदराबादच्या वाचकांना ‘पाचशे, ज्याचे निस्फ अडीचशे’ ही लकब आठवेल. रकमेचे निम्मे पुन्हा लिहायचे, म्हणजे मागून एक शून्य वाढवता येत नाही.

पण हीच गोष्ट उलटीही वाचावी लागते. दासीच्या विक्रीचा नमुना वाचताना अंगावर काटा येतो. परमुलखावरच्या धाडीत पकडून आणलेली सोळा वर्षांची मुलगी चव्हाट्यावर विकली जाते. तिने करायची कामे ओळीने लिहिली आहेत. झाडणे, सारवणे, दळणे, पाणी आणणे, जळण आणणे, मैला काढणे, गाई-म्हशी दोहणे, ताक घुसळणे, शेतावर राबणे. आणि शेवटी अशी तजवीज की तिने विहिरीत उडी घेऊन किंवा विष खाऊन जीव दिला तर धन्याला दोष लागू नये. हे कलम नमुन्यात का आले? कारण तसे घडत होते, आणि घडल्यावर लोक धन्याकडे बोट दाखवीत होते. एका मुलीपुरता तो प्रसंग राहिला असता तर विसरला गेला असता. नमुन्यात आल्यामुळे ते कलम दर वेळी आपोआप लिहिले जाऊ लागले, कोणाचा हात अडखळला नाही. नमुन्याची ही ताकद आहे आणि म्हणून नमुना छापणाऱ्यावरची जबाबदारी एका कागदावर सही करणाऱ्यापेक्षा मोठी. इंगो श्ट्राउख यांनी २००२ साली या संग्रहाचे जर्मन भाषांतर व चिकित्सा केली, पुष्पा प्रसाद यांनी २००७ साली इंग्रजी भाषांतर दिले. ते वाचताना सामान्य माणसाचा गुजरात दिसतो तो बहुतेक अशाच कलमांतून.

आपल्याकडे परंपरेने ही विद्या हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंतांच्या, नावावर आहे. तो यादव महादेव आणि रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप, दप्तराचा मुख्य. मोडी त्याने आणली, मेस्तक त्याने घालून दिले, असे आजोबांची पिढी सांगे. त्यातले त्याचे किती आणि मागून जोडलेले किती, हा वेगळा विषय आहे. पण मराठी दप्तराने कागद खरा ठेवण्याचे जे बारीक उपाय केले ते मात्र डोळ्यांनी पाहता येतात. शिवकाळातल्या पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा असते. मर्यादा इथे संपली, याच्या खाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. लांब पत्राचे कागद एकाला एक चिकटवीत तेव्हा पाठीमागच्या जोडावर शिक्का मारीत, म्हणजे मधला बंद बदलून दुसरा घालता येत नाही. हे शिवाजी महाराजांच्या दरबारात चालत होते. खेड्यातल्या सावकाराच्या ओसरीवर नव्हते.

त्या ओसरीवर काय चालले होते ते १८७५ साली दिसले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांवर उठले आणि लोण नगर जिल्ह्यातही पसरले. त्या दंग्याचा विशेष हा की लोकांचा रोख दागिन्यांपेक्षा खतांवर होता. रोखे मागायचे आणि जाळायचे. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर त्याच्या अंगाला बहुधा हात लागत नसे. छापील किंवा पाठ केलेल्या मजकुराखाली अंगठा उठवलेल्या माणसाला त्यात काय आहे हे ठाऊक नव्हते, एवढेच ठाऊक होते की त्या कागदाने आपली जमीन जाते. चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे जिल्हे त्याच्या कक्षेत होते. त्यात गावोगाव रजिस्ट्रार नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याचा दस्त त्याने लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवावा, मोबदला काय मिळाला ते पुरते नमूद करावे आणि सही-अंगठ्याआधी मजकूर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. कायद्याने कर्ज कमी झाले की सावकार अधिक सावध झाला, यावर पुष्कळ वाद आहे. मला त्यातले ‘मोठ्याने वाचावा’ एवढे कलम फार आवडते. नमुना कितीही शुद्ध असो, त्याची खरी परीक्षा तो ऐकणाऱ्याच्या कानावर पडतो तेव्हा होते.

आणि कान जर दुसऱ्या भाषेचा असेल तर? हा आपल्यासारख्यांचा रोजचा प्रश्न. बडोदे संस्थानात तो राज्याचा प्रश्न होता. राजघराणे मराठी, प्रजा बहुतेक गुजराती, कायदे इंग्रजी वळणाचे, दप्तरातले जुने शब्द फारसी. एकच कल्पना चार कचेऱ्यांत चार शब्दांनी लिहिली गेली तर नमुना कोणाचा धरायचा? तेथे १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ छापला गेला. इंग्रजी कायद्याच्या शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय मांडलेले. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशाचा हा दूरचा वारस म्हणता येईल, फरक एवढाच की त्याने यावनी शब्द काढून संस्कृत आणले आणि याने सगळ्यांना शेजारी शेजारी बसवले. मला दुसरी रीत जास्त प्रामाणिक वाटते. माणूस ज्या शब्दावर सही करतो तो शब्द त्याला आधीपासून माहीत असला पाहिजे, मग तो फारसी का असेना. ‘गहाण’ कळते त्याला ‘आधि’ लिहून दिल्याने त्याचे शेत सुरक्षित होत नाही.

आमच्या विहिरीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दक्षिणेला प्रत्यक्षात ज्यांचे शेत होते ते शाळामास्तर, घरी कन्नड बोलणारे, बाहेर मराठी. त्यांचा आणि अण्णांचा वाद असा नव्हताच. दोघांनाही कागदाने अडवून ठेवले होते. दोघे एकदा ओढ्याकाठी बसले, विहिरीचे पाणी आळीपाळीने घ्यायचे ठरले आणि २००६ साली चतुःसीमेचे दुरुस्तीपत्र करायचे ठरले. कागद कन्नडमधून कॉम्प्युटरवर टाइप होऊन आला. सही करण्यापूर्वी मास्तर म्हणाले, ‘अण्णा, थांबा, मी वाचतो.’ त्यांनी एकेक ओळ कन्नडमधून मोठ्याने वाचली आणि लगेच मराठीत सांगितली. लिहून देणार, लिहून घेणार, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. पूर्वेस ओढा, बरोबर. पश्चिमेस काकांचा हिस्सा, बरोबर. उत्तरेस गाडीवाट. दक्षिणेस... मास्तर थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले.

‘हे कोण हो, अण्णा? हे तर हुक्केरीकडचे कोणीतरी दिसतात.’

टाइप करणाऱ्याने मागच्या पक्षकाराचा कागद उघडून त्यावरच आमचा लिहिला होता. अण्णा खो खो हसले. ‘आले,’ म्हणाले, ‘परत आले आमचे काका.’ मास्तरांनी खिशातले पेन काढून त्या नावाखाली रेघ ओढली आणि कागद घेऊन ते पुन्हा जिना चढून वर गेले.